राणीवशाच्या कमानीतली पाचर

मित्रांनो, मी एक जुनी दगडी पाचर आहे, जेमतेम बोटभर जाडीची. ओसाड राजधानीत राणीवशाकडे जाणारी जी कमान तुम्ही माना वर करून बघता, तिच्या उजव्या बाजूच्या पहिल्या दगडाखाली, तुमच्या खांद्याच्या उंचीवर मी बसले आहे. पाचर मारली म्हणजे काम बिघडवले, असे तुम्ही म्हणता. मी मात्र बिघडलेले सावरायला आले.

झाले असे, की पाथरवटाने तो दगड बोटभर कमी घडवला. दुसऱ्या दिवशी राजा पाहणीला येणार होता. पाथरवट कपाळाला हात लावून बसला. चुना कालवणारी त्याची बायको म्हणाली, "अहो, असं बसून दगड वाढणार आहे का? पाचर मारा. वरून चुना मी लिंपते." त्याने मला ठोकून बसवले. राजाने नक्षी पाहिली, शाबासकी दिली. माझ्याकडे कोणी पाहिले नाही आणि मलाही काही वाटले नाही.

पुढे तळी आटली. राजा, राण्या, घोडे सगळे निघून गेले. मधल्या शतकांतले मला फारसे आठवत नाही. चुना गळून पडला एवढे कळले, कारण अंगाला ऊन लागायला लागले.

मग तुम्ही येऊ लागलात. गाइड रोज सांगायचा, "या कमानीत एकही चूक नाही!" एकदा एक म्हातारा गवंडी लेकीसोबत आला. तो हसला. "चूक आहे की! ही बघा पाचर. पण काय बसवलीय! बाबांनो, हिला हात लावू नका हं, सगळा भार हिच्यावर आहे." इतक्या वर्षांत माझे झालेले हे एकच कौतुक. तेव्हा बरे वाटले असावे.

गाइडने त्यातले अर्धेच ऐकले. आता तो रोज मला दाखवतो आणि म्हणतो, "हात लावून बघा!" तुम्ही चाचपता, नखाने उकरता, कोणी किल्ली घालून बघतो. परवा एका बाईंनी मला ढकलले आणि मी हलले. "अगबाई, हलतेय!" त्या ओरडल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कालपासून गाइड सांगतो, "ही आमची हलती पाचर."

मित्रांनो, जुन्या वास्तू डोळ्यांनी बघा, हात खिशात ठेवा. हे मी माझ्यासाठी मागत नाही. मी निसटले तर जमिनीवर पडेन, दगडाला काय लागायचे? पण मला हलवताना तुम्ही कमानीखाली उभे असता.