ठिपक्यांच्या प्रोग्रॅमची उमेदवारी

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्रॅम आहे. मी गंजत नाही, कुरकुरत नाही, त्यामुळे जुना झालोय हे मलाच सांगावं लागतं. अंध मुलांच्या एका शाळेत, कार्यालयातल्या संगणकावर मी राहतो. पडद्यावरचा मजकूर मी ठिपक्यांच्या लिपीत बदलतो, आकृत्या ठिपक्यांच्या रेषांत, आणि कोपऱ्यातलं यंत्र जाड कागदावर ते ठिपके उठवतं. ते इतकं खडखडतं की शेजारच्या वर्गातल्या बाई तेवढा वेळ शिकवणं थांबवतात. मुलांचं माझ्यावर प्रेम आहे ते यामुळेही असेल.

मला शाळेच्या हिशेबनीस ताईंनी घडवलं आणि लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीच्या सामुदायिक भांडारात ठेवलं. तिथे कुणीही आपलं काम ठेवावं, ज्याला हवं त्याने स्वतःच्या जबाबदारीवर उचलावं. दूरदूरच्या शाळांनी मला उचललं. आभाराची पत्रं आली. माझी छाती फुगली. छाती नाही, तरी फुगली.

मग वरून हुकूम आला. वार्षिक परीक्षेआधी शाळांचे संगणक नव्याने मांडणार, आणि त्यांवर फक्त लिनक्सच्या अधिकृत, तपासून घेतलेल्या भांडारातलेच प्रोग्रॅम चालणार. म्हणजे मी तिथे पोचलो नाही, तर प्रश्नपत्रिका ठिपक्यांत निघणार नाहीत. कुणीतरी वाचून दाखवेल ते मुलांनी ऐकायचं.

ताईंनी अर्ज केला. अधिकृत भांडाराची रीत अशी, की तुम्हाला एका रिकाम्या संगणकावर पुन्हा घडवून बघतात आणि 'हे हे लागतं' म्हणून तुम्ही सांगितलं असेल तेवढंच देतात. मी तिथे सपशेल आडवा झालो. ताईंच्या संगणकावर कुठल्या अक्षराला कुठले ठिपके हे सांगणारा एक अक्षरतक्ता आधीपासून पडून होता. मी तो बिनबोभाट वापरत होतो आणि सांगायचं दोघंही विसरलो होतो.

"माझ्याकडे तर चालतं हो," ताई म्हणाल्या. हे वाक्य प्रत्येक घडवणारा एकदा तरी म्हणतो. चूक आमची होती, त्यांनी ती सुधारली. इथवर माझी तक्रार नाही.

पुढे भांडारातल्या कुणीतरी मला आपल्या नावावर घ्यावं लागतं. मी बिघडलो तर जाब त्याला. अर्ज ज्यांच्याकडे गेला त्यांना सगळे 'द्वारपाल' म्हणत. ते स्पीकरवर ठेवलेल्या फोनवरून म्हणाले, "काम चोख आहे, पण मतं कुठे आहेत? वापरणाऱ्यांनी संकेतस्थळावर मत द्यायचं असतं. मागणीच नसेल तर मी याला जन्मभर का सांभाळू?"

"मुलं रोज वापरतात," ताई म्हणाल्या.

"मग एक बटण दाबायला काय होतंय त्यांना?"

वरच्या वर्गातली एक मुलगी तिथेच बसली होती. वाद घालण्याच्या सवयीमुळे शाळा तिला 'वकीलसाहेब' म्हणे. "दादा, फोन ठेवू नका," ती म्हणाली आणि तिने संगणकाला मत द्यायचं ते पान मोठ्याने वाचायला लावलं. संगणक वाचू लागला: बटण. बटण. चित्र. बटण.

"यातलं कुठलं दाबू?"

"अंगठ्याचं चित्र आहे बघ, उजवीकडे."

"बघते. तुम्ही तोवर चहा घेऊन या."

पलीकडे कळफलक टकटकला. मग, "बटणांना नावं देणं दुसऱ्या गटाकडे येतं. कळवतो त्यांना."

कळवलं. त्या गटाने चर्चा केली. चर्चा छान झाली म्हणे. परीक्षा काही तिच्यासाठी थांबली नाही. संगणक नव्याने मांडले गेले, यंत्रावर कापड पडलं आणि वकीलसाहेबांना भूमितीचा पेपर एका अनोळखी बाईंनी वाचून दाखवला. आकृतीपाशी आल्यावर त्या म्हणाल्या, "इथे एक त्रिकोण आहे." कसला, केवढा, कुठल्या कोनाला कुठलं अक्षर, काही नाही. तो त्रिकोण मी तिच्या बोटांखाली ठेवला असता.

ती भूमितीत नापास झाली. निकालानंतर बटणाला नाव मिळालं आणि शाळाशाळांतून मतं धो धो आली. द्वारपालांनी मला आपल्या नावावर घेतलं. कारण नोंदवलं, 'वाढती मागणी'.

आता मी अधिकृत आहे आणि वकीलसाहेब भूमितीला पुन्हा बसणार आहेत. मित्रांनो, मला सांभाळा, माझ्या चुका कळवा, हे तर मी म्हणेनच. पण 'हा कुणाला नकोच आहे' असा शेरा मारण्याआधी एकदा डोळे मिटून ते बटण शोधून बघा. सापडलं, तर खुशाल मला नाकारा.