चोरीचा हंबरडा

"थांबवा!" बाईंनी हेडफोन ओढूनच काढले. "हे मागे घ्या. परत लावा."

काचेपलीकडच्या ध्वनिमुद्रकाने मान खाली घालून प्रसंग मागे नेला. डास शिंकला तरी याला ऐकू जातं म्हणून सगळे त्याला कानसेन म्हणत. पडद्यावर पुन्हा ते खुनी यंत्र आलं. यंत्र म्हणजे उलटं ठेवलेलं कचऱ्याचं पिंप आणि त्याला लावलेले सायकलचे दोन लाल दिवे. माणसाच्या हाताबाहेर गेलेलं हे यंत्र आपल्याला बनवणाऱ्या शास्त्रज्ञ तरुणीलाच भिंतीशी चेपत होतं. तिने तोंड उघडलं आणि त्या तोंडातून बाईंचा आवाज बाहेर पडला.

आवाज बाईंचाच असायला हवा होता, त्याचेच त्यांना पैसे मिळत. पण ही किंकाळी त्यांनी दिलेली नव्हती. मागच्या महिन्यात याच खोलीत धाकट्या भावाचा फोन आला होता. "ताई, आई गेली," एवढंच तो म्हणाला होता, आणि बाईंनी हंबरडा फोडला होता.

माईक चालू होता. खोलीचं जाड दार लागलं की कानसेन मुद्रण सुरू करी, कुणी सांगायची वाट बघत नसे. ही शिस्त बाईंनीच लावली होती. तालमीशिवायची पहिली किंकाळी सगळ्यात खरी निघते, ती वाया घालवू नका, असं त्या प्रत्येक नव्या माणसाला बजावत.

"हे कुणी घातलं यात?"

"मी!" मागच्या सोफ्यावरून दिग्दर्शक म्हणाला. हा निर्मात्याचा जावई. त्याला दिग्दर्शनातलं ओ की ठो कळत नसल्याने पाठीमागे सगळे त्याला जावईबापूच म्हणत. काडीने दात कोरत तो हसला. "काय किंचाळलात हो त्या दिवशी! अंगावर काटा आला माझ्या."

"माझी आई गेल्याचा फोन होता तो."

"माहितीये ना. म्हणून तर एवढं खरं वाटतंय." मग काहीतरी राहून गेल्यासारखं वाटून तो म्हणाला, "वाईट झालं हां पण."

बाईंना शिसारी आली. उभा जन्म त्यांनी असल्या चित्रपटांत काढला होता. हे चित्रपट थिएटरचं तोंड कधी बघत नसत, थेट डिस्कवर छापले जात आणि दुकानाच्या खालच्या फळीवर धूळ खात. भुतं, मगरी, आता यंत्रं. मारणारा बदलायचा, गळा बाईंचाच असायचा. किंचाळीबाई हे नाव त्यांनी हसत मिरवलं होतं. पण आई पिंपाच्या तोंडी द्यायची म्हणजे हद्द झाली.

"ते काढा."

"उद्या सकाळी डिस्क छापायला जातेय. त्याच्या तोडीचं दुसरं द्या, काढतो. माझं काय जातंय?"

बाई माईकसमोर उभ्या राहिल्या. किंचाळल्या.

"नाटकी वाटतंय," जावईबापू म्हणाला.

पुन्हा किंचाळल्या.

"पोटातून येऊ द्या ना!"

घसा सोलवटला तरी एकही त्याच्या पसंतीला उतरेना. शेवटी तो फोन कानाला लावून बाहेर गेला. बाईंनी तो हंबरडा पुन्हा लावायला सांगितला, निदान नक्कल तरी जमेल म्हणून. डोळे मिटून त्या ऐकू लागल्या. मधेच श्वास तुटतो, मग आवाज घोगरा होत खाली येतो. वा, काय सुंदर जागा आहे, असं त्यांच्या मनात आलं, आणि दुसऱ्याच क्षणी त्यांना स्वतःची किळस वाटली. आईच्या मरणाला दाद देणारी ही कोण बया?

कानसेन गरम पाणी घेऊन आत आला. "चूक माझी आहे, बाई. मी ते त्याच दिवशी पुसायला हवं होतं."

"हो, हवं होतं," बाई म्हणाल्या. पाणी मात्र त्यांनी घेतलं.

तो जागेवर जाऊन बसला. जावईबापू परत येताच कानसेन म्हणाला, "साहेब, मूळचंच ठेवायचं ना? एकदा ऐकून घ्या." आणि त्याने लावली ती बाईंची आत्ताचीच, दुसऱ्या खेपेची, पोटातून न आलेली किंकाळी.

जावईबापूचं एक बोट फोनवर फिरतच होतं. "हेच! बघा बाई, असं पुन्हा नाही जमायचं तुम्हाला. हेच राहू दे." आणि तो जेवायला निघून गेला.

कानसेनला हसू आवरेना. बाईंना हसू आलं नाही. गाढवाला गुळाची चव काय, हे ठीक. पण त्याच गाढवाकडून पसंती मिळावी म्हणून आपण दुपारभर घसा फाडला, याचा त्यांना संताप आला.

"ते मूळचं पुसू?" कानसेनने विचारलं. "की घरी न्यायला काढून देऊ?"

त्या दिवसानंतर बाईंना रडू आलंच नव्हतं. "परक्यांच्या मरणाला गळा काढतात, स्वतःच्या आईला टिपूस नाही," असं भावजय चारचौघांत बोलली होती. भाऊ शेजारीच होता, त्यानेही तिला अडवलं नव्हतं. त्या घरात नेऊन हे नुसतं वाजवलं असतं तरी दोघांची तोंडं बंद झाली असती. पुरावा म्हणून! शी.

"पुसा."

"पुन्हा मिळणार नाही, बाई."

"पुसा म्हणते ना!"

त्याने कळ दाबली. बाईंनी पदराने तोंड पुसलं, हेडफोन चढवले.

"आता कोण मरतंय?"

"शेजारीण. यंत्र तिच्या घरात शिरतं."

"तिच्या घरी आणखी कोण आहे?"

कानसेनने पानं चाळली. "काही लिहिलेलं नाही."

"मग हंबरडा नको, साधीच किंचाळते," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी श्वास भरून घेतला.