पंपवाल्याचे कान

"डाव्या कुशीवर वळ आणि तोंड बंद ठेव," मी दादाला म्हटलं.

"सगळ्या पेशंटशी अशीच बोलतेस का गं?"

"पेशंट निमूट ऐकतात. तू माझा भाऊ पडलास."

दोन महिने त्याला धाप लागत होती. वहिनीनं आज अक्षरशः ओढून आणलं होतं. ती बाहेर बाकावर बसली होती. मी त्याच्या छातीला जेल लावलं आणि मशीनचा पडदा माझ्याकडे वळवून घेतला. सव्वीस वर्षं मी हृदयाची सोनोग्राफी करतेय. बघायचं, मोजायचं आणि कुणी कितीही खोदून विचारलं तरी 'डॉक्टर सांगतील' म्हणायचं, एवढंच आमचं काम. माझ्या चेहऱ्यावरून कुणाला काडीचा पत्ता लागत नाही.

"लवकर आटप," दादा म्हणाला. "उद्या पंप काढायचाय. साठ फूट उतरायचंय विहिरीत."

चाळीस वर्षं तो पंपच दुरुस्त करतोय.

पडद्यावर त्याचं हृदय दिसलं आणि मोजायचं सोडून मी नुसती बघत राहिले.

खरं तर काम साधं असतं. वरचा कप्पा आकसतो, रक्त खालच्या कप्प्यात उतरतं. मग खालचा आवळतो, तशी मधली झडप मिटते आणि रक्त पुढे अंगभर जातं. पुन्हा सैल, पुन्हा भरणं. एका ठोक्याला जेमतेम अर्धी वाटी रक्त, आणि असे ठोके दिवसाला लाखभर. दादाचा खालचा कप्पा फुगून ढिला पडला होता. आवळायचा म्हणून आवळत होता. झडपेची पानं एकमेकांना भिडतच नव्हती आणि रक्त आल्या वाटेनं परत जात होतं.

रक्ताचा वेग मोजायला मी सवयीनं बटण दाबलं. खोलीभर फसफस आवाज सुरू झाला. पेशंटना तो मशीनचाच वाटतो, म्हणून मी तो कधी बंद करत नाही. आजही सुचलं नाही.

"झडप धरत नाहीये," दादा भिंतीकडे बघत म्हणाला.

"मशीनचा आवाज आहे तो."

"मला शिकवतेस? पाणी मागे येतंय, ऐकू येतंय की. किती येतंय?"

"डॉक्टर सांगतील."

"उद्या दोराला मी लटकणार आहे, डॉक्टर नाही. तुला विचारतोय."

सव्वीस वर्षांत हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

"निम्मं," मी म्हटलं.

"मग झडप बदलू."

"बदलता येते रे. पण मोटरच थकलीय, दादा. ऑपरेशन झेपेल असं मला वाटत नाही. विहिरीत उतरू नकोस. उद्या नाही, नंतरही नाही."

तो कान देऊन ती फसफस ऐकत राहिला. मग म्हणाला, "तो आवाज बंद कर."

मी बंद केला. त्यानं छाती पुसली, शर्टाची बटणं एकेक करून लावली.

"तिला मी सांगेन. आज नको."

मला रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता. "सगळं मीच का पोटात ठेवायचं?"

"तुला जमतं म्हणून."

बाहेर आलो तशी वहिनी उठली. "काय निघालं?"

"काही विशेष नाही," दादा म्हणाला. "चल, रिपोर्ट वर देऊन येऊ, डॉक्टर उद्या बघतील."

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघून पुढच्या पेशंटची फाईल उघडली.

डॉक्टर वरच्या मजल्यावर बसतात. लिफ्टपाशी गर्दी होती. दादानं वहिनीच्या हातातली पिशवी घेतली आणि जिन्याकडे निघाला. थांब म्हटलं असतं, तर वहिनीला तिथंच कळलं असतं.

अर्ध्या जिन्यात तो थांबला. खिडकीबाहेर बोट करून तिला काहीतरी दाखवू लागला. तिथून समोरच्या इमारतीची भिंत तेवढी दिसते. वहिनी वाकून बघत राहिली, आणि तो कठडा धरून श्वास घेत होता.