दोन हाका

केदारखेड्याजवळच्या सोलर प्लँटवर साळूबाई सात वर्षं काचा पुसत होती. लांब दांड्याचा पोचा, मागं पाण्याचा पाईप, आणि रांगेमागून रांग. काचेवर धूळ बसली की वीज घटते, एवढं विज्ञान तिला पाठ होतं.

त्या डिसेंबरात जेवणाच्या सुट्टीत प्लँटवरच्या सुपरवायझर शीतलनं तिला मोबाईलवर एक फोटो दाखवला. मंगळावर उतरलेलं यान. सोबतीला चिटपाखरू न्हाई, एकटंच चार वर्षं मंगळाच्या पोटातले हादरे ऐकायला जमिनीला कान लावून बसलेलं. त्याच्या दोन्ही सोलर पाट्या धुळीनं माखल्या होत्या. वीज मिळेना म्हणून हळूहळू मरून राह्यलंय, शीतल म्हणाली.

साळूबाईचा घास हातातच राहिला. "अन् पुसायला कुणी न्हाई?"

शीतल हसली न्हाई, हे तिचं भलेपण. तिथं कुणी पोचत न्हाई, अन् पुसायचं यंत्र द्यावं तर वजन वाढतं, म्हणून दिलंच न्हाई, असं तिनं समजावलं. एवढी शिकली-सवरलेली माणसं, अन् एक फडकं देऊ नये! साळूबाई दुपारभर धुसफुसत राहिली. खरं तर राग यानाचा नव्हताच. घरी तिचा नवरा धर्मराज तसाच भिंतीला टेकून बसला होता. राजूरकडच्या खडी क्रशरवर अठरा वर्षं दगडाची धूळ ओढून त्याची छाती भरली होती. जालन्याच्या डॉक्टरनं एक्स-रे उजेडाला धरून सांगितलं, ही धूळ आता निघत न्हाई. वर सल्लाही दिला, तोंडाला रुमाल बांधत जा म्हणून. बैल गेला अन् झोपा केला.

पण आशा मेली चिवट. शीतलच बोलता बोलता म्हणाली होती की, यानाच्या हातानं पाटीशेजारी वाळू सोडली, वाऱ्यानं ती पाटीवरून सरकली अन् जाताना थोडी धूळ घेऊन गेली. तेवढ्यावर यानानं काही दिवस काढले. साळूबाईनं तेच धरलं. क्रशरवरचे लोक गूळ खातात, गुळानं धूळ उतरते म्हणतात. ती रोज कामावर निघताना धर्मराजच्या हातावर गुळाचा खडा ठेवू लागली, ओव्याची वाफ देऊ लागली. दोन दिवस त्याला खरंच बरं वाटलं. "मंगळावरचा इलाज माझ्यावर करून राह्यली का?" असं म्हणून तो हसला, अन् मंग बराच वेळ खोकत राहिला.

महिना संपता संपता शीतलनं सांगितलं, यान गेलं. इथून शास्त्रज्ञांनी दोनदा हाक मारली, दोन्ही वेळा ओ आली न्हाई, तेव्हा त्यांनी काम बंद केलं.

"दोनच हाका?" साळूबाई म्हणाली. "घरचं माणूस असतं तर दोन हाकांवर थांबले असते का?"

चौथ्या दिवशी ती पाचच्या सुमारास घरी आली. दारातूनच तिनं "अहो" म्हटलं. धर्मराज भिंतीला टेकून बसला होता. सकाळचा गुळाचा खडा तळहातावर तसाच होता, त्याला मुंग्या लागल्या होत्या. तिनं डबा खाली ठेवला, जवळ गेली, अन् पुन्हा म्हणाली, "अहो."

लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, त्यानंतर तीस वर्षांत नवऱ्याचं नाव तिच्या तोंडी आलं नव्हतं.

"धर्मराज," ती म्हणाली. मंग मोठ्यानं म्हणाली. शेजारची द्वारकाबाई धावत आली, तरी ती त्याला नावानंच हाका मारत होती.