अभिनय न येणारी बाई

जळगावात दिपमालाला ओळखत नाही असा माणूस शोधून काढावा लागला असता. भाजी घ्यायला गेली की भाजीवाला वांगी तोलता तोलता म्हणायचा, "अक्का, एकदा झापा ना मले, व्हिडिओ काढतो." गेली कित्येक वर्षं खान्देशी विनोदी व्हिडिओंमध्ये ती खाष्ट सासूचं काम करत होती. सुनेच्या अंगावर धावून जाणारी, जावयाची चामडी लोळवणारी, शेजारणीचा उद्धार करणारी ही सासू जळगाव-धुळ्यात घरोघरी मोबाइलवर वाजायची. व्हिडिओ काढायचा शाहबाज. लग्नाच्या शूटिंगवर त्याचा हात बसलेला होता. लिहायचा तोच, कापाकापीही तोच करायचा. दिपमालाचा नवरा मगन पाइपच्या कारखान्यात सुपरवायझर होता. तिथे त्याला सगळे "सासूबाईंचे मालक" म्हणत, आणि तो बिचारा ते हसण्यावारी न्यायचा.

दिपमालाला या कामाचा कंटाळा आला होता असं नाही. पण ओरडून ओरडून घसा बसला की ती कधीतरी म्हणायची, "शाहबाज, एखादं काम असं लिही ना, की मला ओरडावंच लागणार नाही." शाहबाज म्हणायचा, "अक्का, तुम्ही गप्प बसलात तर लोक पुढच्या व्हिडिओवर जातील."

आणि एका सकाळी तोच बातमी घेऊन आला. युरोपातून आनेलिस नावाची एक दिग्दर्शिका आली होती. धुळ्याजवळ सोनगीरला सिनेमा करणार होती. दुष्काळातल्या एका आईची गोष्ट. त्यासाठी तिला इथलीच बाई हवी होती.

"अट एकच शे," शाहबाज म्हणाला. "बाईला अभिनय यायला नको."

"काय?"

"कॅमेऱ्यासमोर कधी उभीच राहिलेली नको. तिकडे आता कॉम्प्युटर नट-नट्या बनवायला लागलाय. जगात नसलेली माणसं पडद्यावर रडतात, हसतात. त्यामुळे मोठ्या महोत्सवांना एकदम खऱ्या चेहऱ्यांची तहान लागलीय. सिनेमाच्या सुरुवातीला प्रतिज्ञाच लिहितात, यात यंत्र नाही आणि व्यावसायिक नटही नाही."

"म्हणजे राग यंत्राचा, आणि काढला नटांवर?"

"आपल्याला काय करायचंय? तुम्हाला न ओरडण्याचं काम पाहिजे होतं ना?"

दिपमालाने आठवडाभर तयारी केली. नखांचं पॉलिश खरवडून काढलं. केसांना चपचपीत तेल लावलं. शेजारच्या भिकुबाईचं विटलेलं लुगडं मागून आणलं. कॅमेऱ्याला भिणारा माणूस नक्की कसा उभा राहतो, हे तिने आरशासमोर करून पाहिलं. पहिल्यांदा जास्त भ्यायली, ते सासूला भिणाऱ्या सुनेसारखं झालं, म्हणून कमी केलं.

धुळ्याच्या एका हॉटेलात निवड होती. कॅमेरा सुरू झाला तेव्हा तिने आधी कॅमेऱ्यामागच्या माणसाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. पदर सारखा केला आणि हळूच विचारलं, "हाई चालू शे का?"

आनेलिसने छातीवर हात ठेवला.

मुंबईहून आलेली तनाया दुभाष्याचं आणि कलाकार निवडण्याचं काम करत होती. तिने विचारलं, "तुम्ही काय करता?"

"निंदणी."

"सिनेमा बघता?"

"लाइट कुठे राहते?" दिपमाला म्हणाली. तिच्या जळगावच्या फ्लॅटमध्ये दोन खोल्यांत एसी होते.

निवड तिथल्या तिथे झाली, आणि कॅमेऱ्यासमोर कधी उभी राहिलेली नाही अशा प्रतिज्ञेवर तिची सहीही घेतली गेली. बाहेर व्हरांड्यात तनाया तिच्या मागोमाग आली आणि चपला घालता घालता म्हणाली, "माझी मावशी अमळनेरची आहे, दिपमालाताई. तुमची सासू मी दर दिवाळीला बघते. आपण दोघीही गप्प राहू या, काय?"

दिपमाला गप्प राहिली. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे तिला तनायाचा फार राग आला.

सोनगीरला शूटिंग सुरू झालं. गावाने अक्काला पहिल्याच दिवशी ओळखलं, पण आनेलिसला अहिराणी कळत नव्हती, आणि तिला जे कळायचं ते तनायाकडूनच. किल्ल्याखालचं गाव आनेलिसला फार आवडलं, फक्त त्यात गाव जरा जास्त होतं. दारोदारच्या नळांवर पोती टाकली गेली. छपरावरच्या डिशा उतरवल्या. सरपंचाच्या दुमजली बंगल्यावर मातीच्या रंगाची ताडपत्री चढली. तोताराम नावाच्या शेतकऱ्याचं शेत ठरलं होतं. तिथे कपाशीच्या ओळींतून ठिबकच्या काळ्या नळ्या पसरलेल्या होत्या, त्याही गुंडाळून बांधावर टाकल्या.

"ओ ताई," तोताराम म्हणाला, "नळ्या काढल्या तर कपाशी वाळेल ना!"

"वाळलेलीच हवी आहे," तनाया म्हणाली.

एका शॉटमध्ये दिपमालाने नवऱ्याच्या खांद्यावरची धूळ झटकायची होती. नवऱ्याचं काम गावातल्या पिठाच्या गिरणीचा मालक रतिलाल करत होता. त्यासाठी परदेशातून एक खास बाई आल्या होत्या, नटांच्या अंगाला अंग लागण्याच्या प्रसंगांवर देखरेख करणाऱ्या. त्यांनी दोघांना सावलीत बसवून विचारलं, या स्पर्शासाठी तुमची मनाची तयारी आहे का, कुठे थांबावंसं वाटलं तर खूण कोणती करणार. रतिलाल घामाघूम झाला. "मन्ही बायको समोर बसेल शे," एवढंच तो परत परत सांगत राहिला. धूळ झटकायची परवानगी मिळेपर्यंत जेवणाची वेळ झाली. नळांवर पोती टाकताना मात्र गावाच्या मनाची तयारी कुणी विचारली नव्हती.

आनेलिस वाईट बाई नव्हती. ती खाली मान घालून उन्हात काम करायची, सगळ्यांना नमस्कार करायची, आणि दिपमालाला रोज एकच सूचना द्यायची, "काही करू नकोस. तू फक्त अस."

मग विहिरीचा प्रसंग आला. गोष्टीतली आई तापाने मुलगी गमावते आणि दुसऱ्या दिवशी पाणी काढायला विहिरीवर येते. संवाद नाही. या प्रसंगावर दिपमालाने स्वयंपाकघरात दार लावून काम केलं होतं. तिने ठरवलं होतं की रडायचं नाही. दोराची गाठ बांधायची, ती सैल वाटली म्हणून सोडायची, पुन्हा बांधायची, आणि ती इतकी नीट बांधत बसायचं की बादली विहिरीत सोडायचंच राहून जाईल. मग बाजूच्या रिकाम्या छोट्या कळशीकडे पाहायचं आणि नजर चटकन काढून घ्यायची, चोरी पकडली गेल्यासारखी.

तिने तसं केलं. कट म्हणायचं कुणाला सुचेना. आनेलिस धावत आली, तिने दिपमालाला मिठी मारली आणि रडत रडत तनायाला काहीतरी सांगितलं.

"काय म्हणते?" दिपमालाने विचारलं.

"म्हणते, बघा, स्वतः काय केलं हे हिला ठाऊकसुद्धा नाही."

आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं त्याच दिवशी दिपमालाला कुणीतरी फाडकन थोबाडीत मारल्यासारखं झालं. पण अभिनय येत नाही असं आपणच सांगून बसलो होतो, तेव्हा गाल चोळायचीही सोय नव्हती.

पुढच्या वर्षी सिनेमा युरोपातल्या एका थंड शहराच्या महोत्सवात निवडला गेला आणि दिपमालाच्या कामाचा परीक्षकांनी खास उल्लेख केला. मानपत्रात लिहिलं होतं, "अभिनयाच्या पूर्ण अभावाबद्दल." तिला तिकडे बोलावलं. मगनने विमानतळावर हार घातला. तनायाने आधीच कळवलं होतं की लुगडंच नेसून या, स्वेटर आतून घाला.

सिनेमा संपल्यावर लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. मग मंचावर खुर्च्या मांडल्या गेल्या. उंच, पिकल्या दाढीच्या एका समीक्षकाने दिपमालाला विचारलं, "यंत्रं माणसाचा चेहरा चोरत असताना, खरं असणं म्हणजे तुम्हाला काय वाटतं?"

तनायाने प्रश्न मराठीत सांगितला. दिपमालाने सभागृहाकडे पाहिलं. इतकी माणसं तिच्याकडे बघत होती आणि एकालाही ती दिसत नव्हती. तिने माइक जवळ ओढला आणि सरळ आपल्या बोलीत सांगितलं, "मी कलाकार शे. कितलाक वरीसपाइन कॉमेडी करस. जळगावमा माले बठ्ठा ओळखतस. तुम्हीन आते जे देखं, ते मी ठरायीसन करेल शे. हाई मन्हं काम शे."

मी कलाकार आहे, तुम्ही पाहिलंत ते मी ठरवून केलंय, यापेक्षा स्पष्ट कुणी काय सांगणार?

तनायाने माइक आपल्याकडे घेतला. मग तिने इंग्रजीत सांगितलं, "ती म्हणते, मी कोणीच नाही. माझी माती माझ्यातून बोलते."

टाळ्यांनी छत उडायची वेळ आली. पिकल्या दाढीच्या समीक्षकाने चष्मा काढून डोळे पुसले.

दिपमालाला इंग्रजी बोलता येत नव्हतं, पण 'माती'चं इंग्रजी तिला शूटिंगभर ऐकून पाठ झालं होतं. मंचामागे गेल्यावर तिने तनायाचा दंड धरला. "मी काय बोलले आणि तू काय बोललीस?"

"ताई, खरं सांगितलं असतं तर सिनेमा इथेच मेला असता. प्रतिज्ञेवर तुमचीच सही आहे ना?" तनाया म्हणाली. "निंदणी करते म्हणून तुम्ही सांगितलंत. मी फक्त ते पुढे चालवलं."

दिपमालाने दंड सोडला.

झाकलेलं उघडं पडलं ते खान्देशात. महोत्सवाने मंचावरची मुलाखत इंटरनेटवर टाकली होती. अहिराणी समजणाऱ्या लोकांनी ती पाहिली आणि पोट धरधरून हसले. अक्का काय म्हणाली आणि दुभाषी बाईने काय सांगितलं, असं शेजारी शेजारी लिहून ती चित्रफीत चोपड्यापासून साक्रीपर्यंत फिरली. तिथून ती मुंबईला गेली, मुंबईहून परदेशी.

मग चर्चा पेटली. एका बाजूने लेख आले की कुणाची गोष्ट कुणी सांगावी. दुसऱ्या बाजूने आले की दुभाष्याचं राजकारण काय असतं. एका विद्यापीठात परिसंवाद झाला. विषय होता, "तिचा आवाज." तिला निमंत्रण होतं, पण तिच्या वाट्याच्या वेळात आधीचे वक्ते बोलत राहिले. ती लॅपटॉपसमोर नवं लुगडं नेसून बसली होती. पडद्यावर तिच्या नावाखाली माइकचं चिन्ह शेवटपर्यंत लालच राहिलं. एका प्राध्यापक बाईंनी तिच्या वाक्याचा अर्थही लावून दिला. 'मी कलाकार शे' याचा अर्थ शब्दशः घेऊ नये. पुरुषांच्या जगात प्रत्येक शेतकरी स्त्रीला रोजच अभिनय करावा लागतो, असं तिला सुचवायचं आहे.

"अय माय वं," दिपमाला म्हणाली, आणि लॅपटॉप मिटला.

आनेलिसने माफीचं जाहीर पत्र काढलं. भाषांतरातल्या उणिवांबद्दल. 'काहीच माहीत नसणं' ठरवून करता येतं, हे मान्य करायला तिकडे कुणीच तयार नव्हतं. तसं केलं असतं तर मानपत्र पुन्हा लिहावं लागलं असतं.

एवढा गाजावाजा झाल्यावर सिनेमा जळगावातही लागला. मल्टिप्लेक्समध्ये दुपारचा एकच खेळ. सोनगीरहून तोताराम आणि रतिलाल जीप भरून आले. थिएटर गच्च भरलं, आणि पहिल्याच दृश्यात हशा पिकला.

"नळ कोठे गया रे?"

"तोताराम, तुन्ही कपाशी देख, मरी गयी!"

रतिलालची धूळ झटकली गेली तेव्हा शिट्ट्या वाजल्या. दिपमालाही हसली. हसण्यासारखंच होतं ते. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी तो सिनेमा जसा होता तसा पाहत होतं.

मग विहिरीचा प्रसंग आला. पडद्यावर ती दोराला गाठ बांधत होती, सोडत होती, पुन्हा बांधत होती. सगळं थिएटर वाट बघत होतं की आता ती वळेल आणि कुणाच्या तरी सात पिढ्या उद्धरेल. कुणीतरी ओरडलं, "बोल ना वं अक्का!" तिने कळशीवरून नजर काढून घेतली आणि लोक इतके हसले की खुर्च्या हलल्या. शेजारी मगन हसत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते हसूनच.

दिपमाला अंधारात ताठ बसून राहिली. तिकडे त्यांना वाटलं, हे आपोआप झालं. इकडे यांना वाटलं, हा विनोद आहे. आपण दोरावर घालवलेली ती एकेक दुपार तिला आठवली.

बाहेर आल्यावर लोकांनी सेल्फी काढले. हिरीवरचा सीन सगळ्यात भारी, असं बऱ्याच जणांनी सांगितलं. गर्दी ओसरल्यावर शाहबाज गाडीची किल्ली फिरवत आला. "अक्का, सोमवारी एरंडोलला शूटिंग शे. सुनेने फ्रिजला कुलूप लावलंय, असा विषय लिहिलाय."

"लिही. पण त्यात मला एक मिनिट दे. मी फ्रिजसमोर उभी राहीन. बोलणार नाही."

"मग लोकांना कळेल कसं की तुम्हाला राग आलाय?"

"राग आलाय कुठे? भूक लागलीय. आणि सुनेला कुलूप लावावंसं का वाटलं, हे कळतंय मला तेव्हा."

शाहबाजने डोकं खाजवलं. "लोक पुढे ढकलतील, अक्का."

"ढकलू दे."

सोमवारी तिने ते केलं. शाहबाजने दोनदा पाहिलं आणि व्हिडिओत ठेवलं. मंगळवारी व्हिडिओ चढला. नेहमीसारखेच लोक आले, नेहमीसारखेच हसले, आणि त्या मिनिटावर बघणाऱ्यांच्या आलेखाची रेघ दरीत पडल्यासारखी खाली गेली. खाली प्रतिक्रिया येत राहिल्या. आवाज गेला का भाऊ? नेट अडकलं वाटतं. माझ्याकडे पण बंद पडला, कुणाकडे चालतोय का?

शाहबाजने फोन केला. "अक्का, तेवढं कापून परत टाकू का?"

"हात लावू नको," दिपमाला म्हणाली, आणि गॅसवरची भाजी हलवायला गेली.