धुळ्यात शोधली गेलेली अमळनेरची नोंद

मी एक जन्माची नोंद बोलतेय. म्हणजे नोंदच असावे बहुतेक. अमळनेरला एका जाड रजिस्टरच्या पानावर मी आडवी पसरलेली आहे आणि तिथल्या संगणकातही आहे. यातली खरी मी कोणती, हे मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला कळलं तर बघा.

माझी मुलगी, म्हणजे जिच्या जन्माची मी नोंद आहे ती, आईच्या माहेरी जन्मली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. बाळंतीण गुंगीत होती. तिचा नवरा हितेंद्र धुळ्याहून यायला निघाला होता. दवाखान्यातल्या सिस्टर कागद घेऊन आल्या तेव्हा पलंगाशी बाळंतिणीची आई, कौतिकबाई, बसल्या होत्या. आईचं नाव विचारल्यावर त्यांनी सांगितलं, सारिका वना बोरसे. लग्नानंतरही हेच नाव का, असं सिस्टरनी विचारून पाहिलं.

"मनी पोर शे ती," माझीच मुलगी आहे ती, कौतिकबाई अहिराणीत म्हणाल्या. "माले माहीत नही का तिनं नाव?"

पुढे सिस्टर काय विचारणार? लिहिलं.

खरी गोष्ट अशी, की लग्नात हितेंद्रनं ताटातल्या तांदळात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहिलं होतं, भूमिका. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कौतिकबाईंनी मात्र ते नाव कधी तोंडातून काढलं नाही. धुळ्याला फोन केला की त्या सारिकाला फोन द्या म्हणायच्या. विहीणबाई म्हणायच्या, इथे या नावाचं कोणी राहत नाही, आणि मग हसत फोन सुनेकडे द्यायच्या. दोघींची ही चेष्टा होती की भांडण, ते त्यांनाही ठाऊक नसावं.

बाळाच्या नावाची जागा माझ्यात रिकामीच राहिली. नाव ठेवायचा मान आत्याचा. बारसं झालं धुळ्याला, आत्यानं मुस्कान नाव ठेवलं, पेढे वाटले, आणि ते मला कळवायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. दाखला नंतर काढू म्हणाले. दवाखान्याचं कार्ड घर बदलताना हरवलं. मी कपाटात पडून राहिले. एकदा कोणीतरी मला संगणकात उतरवून घेतलं, तेव्हा थोडा उजेड दिसला.

मग यंदा उन्हाळ्यात माझा शोध सुरू झाला.

संगणकातल्या नोंदींना बाहेरचं जग दिसत नाही. संकेतस्थळावरच्या चौकटीत कोणी अक्षरं टाकली की ती तेवढी आमच्यावरून फिरून जातात. एके दुपारी कोणीतरी मुस्कान शोधायला आलं. मी आजूबाजूला पाहिलं. माझ्याकडे मुस्कान नव्हती. मग जिल्हा धुळे, तारीख माझीच, आईचं नाव भूमिका हितेंद्र देवरे. तारीख ओळखीची वाटली, पण बाई ओळखीची नव्हती, आणि धुळे जिल्ह्याशी माझा काय संबंध? मी गप्प राहिले. तिकडे पडद्यावर उमटलं असेल, माहिती आढळली नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तालुका बदलून, आडनाव आधी टाकून, मग मागे टाकून, एकदा तर नुसतंच भूमिका. शोधणारं माणूस बिचारं गोंधळलं होतं आणि मी त्याच्याहून जास्त. मला वाटू लागलं, माझ्याच तारखेला जन्मलेली दुसरी कोणी मुलगी असेल आणि तिची नोंद करायची राहून गेली असेल. मला तिची कीव यायची. स्वतःचीच कीव करत होते हे मला कुठे माहीत होतं?

गंमत म्हणजे चौकट बापाचं नाव विचारतच नव्हती. हितेंद्र माझ्याकडे होता, अगदी सुवाच्य अक्षरात. विचारायचं ते आईचं, आणि नेमकी तिथेच मी वेगळी.

मग एकदा जिल्हा जळगाव आला. तालुका अमळनेर. आईच्या नावाच्या जागी आधी भू उमटला. तो पुसला गेला. बराच वेळ काहीच आलं नाही. मग हळूहळू, आपल्याच दारावर टकटक करावी तसं, सारिका वना बोरसे.

मी आहे, मी म्हणाले. म्हणजे पडद्यावर आले.

दोनच दिवसांत सारिका स्वतः कार्यालयात आली, आईवडिलांना घेऊन. भटूभाऊंनी, तिथल्या कारकुनांनी, रजिस्टर उघडलं आणि मी तिला पहिल्यांदा पाहिलं. ती कपाळावरचा घाम पदरानं टिपत एका दमात सगळं सांगत होती. मुस्कानचा पहिलीचा प्रवेश अडला आहे. शाळेनं शनिवारपर्यंत मुदत दिली आहे, नंतर जागा दुसऱ्याला जाईल. नवऱ्याला शोधू दिलं तर तो धुळ्यातच शोधत बसला. आपल्यालाही सुचायला इतके दिवस लागले. दुसऱ्या आया हे सगळं वेळेवर कसं करतात कोण जाणे.

भटूभाऊ म्हणाले, मुलीचं नाव आज घालता येईल. पण आईचं नाव तुमच्या आधार कार्डावर वेगळं आहे, शाळा हा दाखला घेणार नाही. दुरुस्तीला ओळखीच्या दोन माणसांचा जबाब हवा, की या दोन्ही नावांची बाई एकच.

सारिकाच्या वडिलांनी, वना आबांनी, चष्मा शोधला आणि सही करून टाकली. कौतिकबाई खुर्चीत बसूनच राहिल्या.

"अक्का, तुम्ही सांगा. सारिका म्हणजेच भूमिका, बरोबर?"

"सारिका शे."

"आणि भूमिका?"

"माले काय माहीत भूमिका कोन शे?"

भटूभाऊंनी पेन खाली ठेवलं. सारिका आईशेजारी उकिडवी बसली. "आई, एकदाच म्हण. मुस्कानसाठी. पुन्हा नको म्हणू."

कौतिकबाईंनी तिच्याकडे पाहिलंच नाही. रजिस्टरकडे, म्हणजे थेट माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, ते सारिका नाव आता खोडणार का. तेव्हा कुठे मला कळलं, की त्या नातीच्या शाळेवर अडून बसल्या नव्हत्या.

भटूभाऊ म्हणाले, नाही अक्का, मूळ नोंद खोडता येत नाही. नवं नाव बाजूला समासात लिहायचं. जुनं आहे तसं राहतं.

"कायमनं?"

"कायमचं."

मग त्या बोलल्या. आधी घसा खाकरला, आणि परक्या घरात चहा मागावा तितक्या हळू म्हणाल्या, "मनी सारिका तीच भूमिका."

काम झालं होतं. पण सारिकाचा चेहरा पडला. आईच्या तोंडून ते नाव ऐकायची तिला सवय नव्हती, आणि ऐकल्यावर ते आपलंच आहे की शेजारणीचं, अशा नजरेनं ती आईकडे बघत राहिली. आईनं जबाबावर अंगठा उठवल्यावर शाई पुसायला तिनं आपला पदर पुढे केला. कौतिकबाईंनी तो मळू दिला नाही, स्वतःच्या लुगड्याला हात पुसला.

दाखला शाळेत वेळेवर पोहोचला असेल. मला कोणी कळवलेलं नाही, आणि कळवतील असं वाटतही नाही.

आता माझ्या मधल्या रकान्यात सारिका आहे आणि समासात भूमिका, दोघी एकाच निळ्या शाईत. कधी कोणी मला शोधायला येईल, तर कोणत्या नावानं हाक मारेल ते माहीत नाही. माझी एवढीच विनंती आहे, एका नावावर थांबू नका. पडदा नाही म्हणाला तरी बाळंतिणीच्या आईला विचारून बघा, तिनं त्या दिवशी काय सांगितलं होतं. मी इथेच आहे. दोन्ही नावांना ओ देते, पण सारिकाला जरा आधी.