केल्विनचा होकार

साठी उलटल्यावर ग्लेनिस पेंगिली लग्नं लावायला लागली, तेव्हा ॲडलेडकडच्या वॉलरू या बंदराच्या गावानं तिची पोटभर थट्टा करून घेतली. जन्मभर शाळेच्या कँटीनमध्ये खिमा भरलेल्या पास्ट्या गरम करणारी बाई आता सरकारी परवाना घेऊन, गळ्यात मोत्यांची माळ घालून जेटीवर उभी राहणार आणि पोरापोरींच्या गाठी मारून देणार! पण थट्टा करणाऱ्यांतल्या निम्म्यांनी आपल्या मुलींची लग्नं तिच्याचकडून लावून घेतली, हेही खरं. चर्चमध्ये आता जातंय कोण?

या उद्योगात तिला ढकललं कोरली शिर्मरनं. नवरा गेल्यावर ग्लेनिस दिवसाढवळ्या पडदे ओढून घरात बसायची. कोरली तिची शाळेपासूनची मैत्रीण. एके दिवशी ती आली, पडदे सरकवले आणि म्हणाली, "तुझ्या आवाजाला अख्खी शाळा रांगेत उभी राहायची. तो वाया घालवू नकोस. परीक्षा दे, परवाना काढ." ग्लेनिसनं ऐकलं. आपण माणसांत परत आलो ते कोरलीमुळं, असं ती कुणालाही सांगायची.

त्याच कोरलीचा मार्चमध्ये फोन आला. केल्विन रॉडा, तिचा माणूस, हॉस्पिटलात होता आणि आता घरी येणार नव्हता. दोघं लग्न न करताच पंचवीस वर्षं एका छताखाली राहिली होती. आमच्याकडे त्यात कुणाला वावगं वाटत नाही. कायदाही अशा बाईला बायकोचेच हक्क देतो. केल्विनची पहिली बायको एव्हरिल तरुणपणीच वारली होती. नंतर त्यानं लग्नाचा विषय काढला नाही आणि कोरलीनंही काढला नाही.

"मला त्याचा पैसा नकोय, घर माझंच आहे," कोरली म्हणाली. "पण इथं जी ती नर्स विचारते, तुम्ही त्यांच्या पार्टनर का? पार्टनर! आम्ही काय मासळीचं दुकान काढलंय? मला बायको म्हणून त्याला पोचवायचंय, ग्लेन. तूच लाव आमचं लग्न."

"केल्विन काय म्हणतो?"

"काय म्हणणार? मान डोलावली की त्यानं."

इथंच ग्लेनिस चुकली. लग्नाची नोटीस महिनाभर आधी द्यावी लागते; दुखणं पाहून कोर्टानं ती मुदत माफ केली. नोटिशीवर आधी एकाची सही चालते, दुसऱ्याची लग्नापूर्वी घेतली की झालं. म्हणून तिनं कोरलीची सही घेतली आणि केल्विनला भेटायला गेलीच नाही. खरं तर दोघांना एकेकट्याला गाठून, हे लग्न तुम्ही राजीखुशीनं करताय ना, असं विचारायचं असतं. एरवी ती हे पहिल्याच भेटीत उरकायची. पण जवळच्या माणसांना कुठं आपण विचारत बसतो? त्यांना आपण गृहीत धरतो.

लग्नाच्या दिवशी कोरलीनं निळा झगा घातला होता. केल्विनची दाढी तिनं स्वतः केली होती. साक्षीदार दोन, एक नर्स आणि एक कोरलीचा भाऊ रेक्स. रेक्सनं खेकड्याची सँडविचेस आणि वाइनची बाटली आणली होती.

"सगळ्यांनी जरा बाहेर व्हा," ग्लेनिस म्हणाली. "दोघांना वेगवेगळं विचारायचंय. कायदा आहे."

"काय विचारणार, पाद्रीणबाई?" रेक्स म्हणाला. "पळवून आणलंय का म्हणून? अगं, त्याला खाटेवरून उतरता येत नाही!"

सगळे हसले. केल्विनही हसला. बाहेर कोरलीला विचारलं तर ती म्हणाली, "हो बाई, हो! आणखी किती वेळा सांगू?" मग ग्लेनिस आत आली, दार लावलं आणि खाटेशेजारी बसली.

"केल, हे लग्न तू तुझ्या मनानं करतोयस ना?"

केल्विन खिडकीकडे पाहत होता. जेटीला गव्हाचं जहाज लागलं होतं.

"खरं सांगू?"

"खरंच सांग."

"नाही."

ग्लेनिसनं खुर्ची खाटेच्या आणखी जवळ ओढली.

"कोरलीनं माझं जेवढं केलं तेवढं कुणी करणार नाही," केल्विन धापा टाकत म्हणाला. "जीव आहे माझा तिच्यावर. पण बायको म्हटलं की मला एव्हरिल दिसते. अजून. मी मूर्ख आहे, कळतंय मला. एवढ्या वर्षांत ते काही गेलं नाही बघ."

"मग मान का डोलावलीस?"

"रडत होती गं ती." थोडा दम घेऊन तो म्हणाला, "तू सांगशील ते शब्द मी म्हणेन. तेवढी ताकद आहे. पण तू विचारलंस, म्हणून सांगितलं. तिला मात्र बोलू नकोस. माझ्या मागं ती हेच उराशी धरून बसेल."

दाराबाहेर रेक्सचं बोलणं आणि कोरलीचं हसणं ऐकू येत होतं. आतलं कुणी ऐकलं नव्हतं. दार उघडावं, चार वाक्यं म्हणावीत, मैत्रिणीला एकदा सुखात पाहावं, एवढंच तर होतं. आणि आपण कोरलीचं काय काय देणं लागतो, हे ग्लेनिसला ठाऊक होतं. पण त्या चार वाक्यांतलं एक, लग्न म्हणजे दोन माणसांनी स्वेच्छेनं आणि जन्मभरासाठी केलेला करार, हे कायद्यानं तिलाच मोठ्यानं म्हणावं लागणार होतं. आत्ता जे ऐकलं त्यानंतर, ते सांगणाऱ्याच्या तोंडावर! तिला ते शक्य नव्हतं.

"मला नाही जमणार, केल."

"मग तिला काय सांगशील?"

"ते माझ्यावर सोड. तू डोळे मीट."

तिनं दार उघडलं. "औषधाची गुंगी आहे त्याला," ती म्हणाली. "मी काय विचारते ते त्याला उमगत नाहीये. अशा अवस्थेत मला लग्न लावता येत नाही."

"असं कसं?" कोरली ओरडली. "आत्ता चहा मागत होता!" ती धावत आत गेली, त्याचा खांदा हलवू लागली. "केल! अरे, सांग ना तिला! केल!"

केल्विन डोळे मिटून पडून राहिला. झोपेचं सोंग त्याला नीट जमत नव्हतं, पापण्या थरथरत होत्या. कोरलीमागून आत आलेल्या नर्सनं ते पाहिलं असावं, कारण ती उगीचच चादर सारखी करायला लागली.

कोरली वळली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "तुला परवाना काढायला मी लावला, आणि तू माझ्यावरच कायदा चालवतेस? चालती हो इथून."

रेक्स ग्लेनिसला गाडीपर्यंत सोडायला आला. "दोन शब्दांचं काम होतं, ग्लेनिस," तो म्हणाला. "कोण बघणार होतं?" आता त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

कोरलीनं ॲडलेडहून लग्न लावणारा दुसरा माणूस ठरवला. तो रविवारी येणार होता, केल्विन शनिवारी गेला.

गावानं ग्लेनिसला सोडलं नाही. बेकरीत ती शिरली की बायका गप्प व्हायच्या. ठरलेली लग्नं दुसरीकडे गेली. एका वाक्यात तिला आपलं नाव धुऊन काढता आलं असतं, आणि ते वाक्य कितीदा तरी तिच्या ओठांवर आलं. तिनं ते गिळलं. वाईट तर वाटायचंच, रागही यायचा. कोरलीचा नव्हे, सगळं आपल्या गळ्यात टाकून निघून गेलेल्या केल्विनचा.

जूनमध्ये एका दुपारी कोरली ग्लेनिसच्या दारात उभी राहिली. खूप वाळली होती. आत ये म्हटलं तरी आली नाही.

"भांडायला नाही आले," ती म्हणाली. "त्याच्या पापण्या हलत होत्या, ग्लेन. मी पाहिलं. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय."

"गुंगीत हलतात पापण्या."

"तो जागा होता का?"

"नव्हता."

"मला काय ते खरं सांग. तो शुद्धीत असता, तर हो म्हणाला असता?"

ग्लेनिसनं तिच्या डोळ्यांत पाहिलं. "लगेच म्हणाला असता."

कोरलीनं डोळे मिटले. तिचे खांदे सैल झाले, आणि पहिल्यांदाच ती ग्लेनिससमोर मोकळेपणी रडली. मग तोंड पुसून म्हणाली, "म्हणजे हे राहिलं ते फक्त तुझ्यामुळं."

"हो," ग्लेनिस म्हणाली. "माझ्यामुळं."

"मी तुला कधी माफ करणार नाही."

"माहीत आहे मला."

कोरली पायऱ्या उतरून ताठ मानेनं रस्त्याला लागली.